हौश्यावरचं डालगं

मी एक जुनं डालगं आहे. मोशी गावात नाशिकच्या सडकेला लागून एक बसकं कौलारू घर आहे, त्याच्या पुढच्या भिंतीवर एका खिळ्याला मी टांगलेलो असतो. मित्रांनो, तुमच्यापैकी जे गावात राहतात त्यांना मी काय आहे हे सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगतो. कोंबड्या झाकायला बांबूच्या कामट्यांची एक मोठी टोपली विणतात आणि ती जमिनीवर पालथी घालतात. तिला डालगं म्हणतात. दिवस मावळला की कोंबड्या आत, वर एक धोंडा. उजाडलं की धोंडा बाजूला. माझं काम एवढंच. पण एका दुपारी कोंबड्यांऐवजी दुसरंच कुणी माझ्याखाली आलं. त्याची ही हकिगत आहे.

माझा जन्म चाकणचा. तिथल्या बाजारात कांद्याच्या ढिगांपलीकडे चिमाजी बुरूड आपल्या बायकोबरोबर बसत असे. शालनबाई त्याच्याकडे आली आणि तिने तयार डालगी एकामागून एक हाताने दाबून पाहिली. तिला एकही पसंत पडेना. घरामागच्या ज्वारीच्या रानात कोल्हे फार आहेत, साध्या डालग्याला ते दाद देत नाहीत, उलथून कोंबडी नेतात, असं तिने सांगितलं. चिमाजीने पुढच्या बाजाराचा वायदा केला आणि माझ्यासाठी कामट्या दुहेरी घेतल्या. काठ मनगटाएवढा जाड वळला. शालनबाई पुन्हा आली तेव्हा त्याने मला पालथं घातलं आणि तो स्वतः माझ्यावर चढून उभा राहिला. शालनबाई तोंडाला पदर लावून हसत राहिली. ती हसते कशी हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. पुढे ते मला फारसं पाहायला मिळालं नाही.

शालनबाईचा नवरा ज्योतीराम मूळचा माणदेशातला. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता, त्या कामावर तो माती वाहायला आला आणि कारखाना सुरू झाल्यावर तिथेच बॉयलरवर लागला. मोशीहून सायकलने जायचा, शिफ्ट संपली की सायकलने यायचा. घरात त्याची आई अंबूबाई होती. तिचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती बहुतेक वेळ बाजेवर बसून असे. आणि होती ठकी, त्यांची मुलगी. ती नुकतीच शाळेत जाऊ लागली होती.

माणसं चार, पण जनावरांचा गोतावळा त्याहून मोठा. कोंबड्या होत्या, चांदी नावाची शेळी आणि तिचं करडू होतं, भुरी मांजर होती आणि हौश्या होता. हौश्या म्हणजे कुत्रा. कारखान्याच्या बांधकामावर विटांच्या ढिगात ज्योतीरामला तो पिल्लू असताना सापडला. सदऱ्याच्या आत घालून त्याने त्याला घरी आणलं. कुणीही दिसलं तरी ते पिल्लू आनंदाने स्वतःभोवतीच गिरक्या घ्यायचं, म्हणून अंबूबाईने त्याचं नाव हौश्या ठेवलं. ठकी शाळेत निघाली की तो ओढ्यापर्यंत तिच्याबरोबर जायचा आणि तिच्या सुटण्याच्या वेळेला पुन्हा तिथे जाऊन बसायचा. रात्री माझ्या अंगाला पाठ टेकून झोपायचा. आतून कोंबड्यांची ऊब आणि बाहेरून त्याची, अशी माझी काही वर्षं सुखात गेली. माझ्याखालून एकही कोंबडी गेली नाही. आल्यागेल्याला शालनबाई मला दाखवायची.

सुगीच्या आधी एका सकाळी हौश्या रानातून लंगडत आला. कोल्ह्याने त्याला पायाला धरलं होतं. जखम लहान होती. अंबूबाईने हळद आणि चुना दाबून बसवला, ठकीने चिंधी बांधली. आठवड्यात जखम भरून आली आणि सगळे ती विसरून गेले. दोष कुणाचाच नव्हता. आपण कुठे काटा रुतला तर काय करतो, तेवढंच त्यांनी केलं.

ज्वारी काढून झाली त्या सुमारास हौश्या ओढ्यापर्यंत जाईनासा झाला. पुढ्यात टाकलेली भाकरी तशीच पडून राहायची. हाक मारली तर तो बाजेखाली अंधारात सरकायचा. माझ्या शेजारी झोपायलाही तो येईना. ऊन लागलं असेल, असं अंबूबाई म्हणाली. शालनबाईने त्याच्यासमोर पाण्याने भरलेलं मातीचं परळ ठेवलं तर तो ते पाहून थरथर कापत मागे गेला. तेव्हा तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. संध्याकाळी ज्योतीराम आला की त्याला बांधायला सांगते, असं ती सासूला म्हणाली.

पण संध्याकाळ व्हायच्या आत व्हायचं ते झालं.

शाळा दुपारी सुटली होती. ठकी अंगणात करडाला पाला घालत होती. शालनबाई आत चुलीपाशी मेथी निवडत होती, अंबूबाई बाजेवर. मी खोलीच्या कोपऱ्यात होतो आणि माझ्याखाली एक कोंबडी अंड्यांवर बसवलेली होती. हौश्या बाजेखालून निघाला आणि कुणाकडे न बघता सरळ अंगणात गेला. त्याने करडाचा कान धरला. करडू किंचाळलं, चांदीने दावं तोडलं आणि ती घरात घुसली. अंगणातल्या कोंबड्या उडून चुलीवर, मडक्यांवर, अंबूबाईच्या अंगावर पडल्या. एक मडकं फुटलं आणि पाणी खोलीभर झालं. भुरीने फळीवर उडी घेतली, फळीवरचे डबे खाली आले. आणि या सगळ्याच्या मागून हौश्या उंबरा ओलांडून आत आला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती.

त्याच्या मागोमाग ठकी आली. तिला वाटलं त्याला लागलंय. ती त्याच्यापुढे जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला.

तो हात त्याच्या तोंडापर्यंत पोचला की नाही, हे मला सांगता येणार नाही. शालनबाईने मला दोन्ही हातांनी उचललं. माझ्याखालची कोंबडी उडाली, तिची अंडी शालनबाईच्या पायाखाली आली. तिने मला ठकीच्या डोक्यावरून नेलं आणि हौश्यावर पालथं घातलं. लगेच ती स्वतः माझ्यावर बसली.

मित्रांनो, मी बांबूचा आहे. पण ओळखीचा जीव माझ्या आत अनोळखी होऊन फिरत होता, हे मला कळलं. त्याने माझ्या कामट्या दातांनी धरल्या, माझ्या काठाखाली पंजे घातले. मी तिच्यासकट हलत होतो. चिमाजीने वळलेला काठ तुटला नाही.

शालनबाई ओरडली नाही. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"ठके, आजीचा हात धर. तिला बाहेर ने आन् दाराला कडी घाल."

ठकी जागची हलेना. हौश्याला काय झालं, असं ती विचारत राहिली. अंबूबाई बाजेवरून उतरली. कित्येक महिन्यांत ती कुणाच्या आधाराशिवाय चालली नव्हती. तिने नातीला ओढत उंबऱ्याबाहेर नेलं. चांदीही त्यांच्यामागे बाहेर पडली. बाहेरून कडी लागली. घरात आता शालनबाई, मी आणि हौश्या एवढेच उरलो. फळीवर भुरी होती, पण ती श्वाससुद्धा घेत नव्हती.

सडकेपलीकडे मीरासाहेबाचं दुकान होतं. तो सायकली दुरुस्त करायचा आणि बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. अंबूबाईच्या हाका ऐकून तो आणि गावातला दत्तोबा धावत आले. दत्तोबाच्या हातात कुऱ्हाड होती. मीरासाहेबाने बंद दारातूनच काय झालं ते विचारून घेतलं आणि कडीला हात घातला.

"मीराभाऊ, दार नका उघडू," शालनबाई आतून म्हणाली. "आधी ठकीचा हात बघा. रगत हाय का?"

बाहेर ठकीला हात पुढे करायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग मीरासाहेब म्हणाला, "वरखडलंय वैनी. दात हाय का नख, कळत न्हाई."

"मग ठकीच्या बापाला बोलवा. आन् माझ्यासाठी काहीतरी जड आणा."

मीरासाहेबाने दुकानातला मुलगा सायकलवर पिंपरीला पिटाळला आणि स्वतः गाडीचं एक चाक, नवी धाव बसवलेलं, सडकेवरून ढकलत आणलं. कडी काढून दत्तोबाने आणि त्याने मिळून ते जसजसं माझ्यावर आडवं सरकवलं, तसतशी शालनबाई हळूहळू माझ्यावरून सरकत उतरली. दत्तोबाने कुऱ्हाड पुन्हा उचलली होती. माझ्या फटींतून घाव घालता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. मीरासाहेबाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. डॉक्टर काय म्हणतो ते कळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दार ओढताना त्याने भुरीसाठी मागची खिडकी उघडी ठेवली.

पुढचं काही मी भिंतीआडून ऐकलं, काही नंतर माणसांच्या बोलण्यातून कळलं. सगळी मंडळी मीरासाहेबाच्या ओट्यावर बसली होती. खैरुन्निसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ठकीचा हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतला. मग ती शालनबाईच्या पायांवरचा अंड्यांचा लगदा धुवायला बसली. शालनबाई पाय मागे घेऊ लागली, पण खैरुन्निसाने धरूनच ठेवला. टाचेवर दाताच्या चार खुणा होत्या. ती माझ्यावर बसली होती तेव्हा माझ्या फटीतून त्याने तिला धरलं होतं. एवढा वेळ तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

"का गं लपवलंस?" खैरुन्निसाने विचारलं.

शालनबाई म्हणाली, "पोरीचं आधी व्हऊ दे म्हटलं."

ज्योतीराम आला तो कारखान्याच्या कपड्यांतच. त्याने सायकल भिंतीला टेकवली नाही, तशीच पडू दिली. त्याने बायकोची टाच पाहिली, मुलीचा हात पाहिला आणि मग दाराच्या फटीला डोळा लावून माझ्याकडे पाहिलं. सदऱ्यात घालून आणलेलं ते पिल्लू त्याला आठवलं असेल का, मला माहीत नाही.  पुण्याची गाडी सडकेवर थांबवून तो दोघींना घेऊन गेला. निघण्याआधी ठकी दाराशी आली. हौश्याला पाणी द्या, असं तिने बापाला सांगितलं, मग आजीला, मग मीरासाहेबाला.  शालनबाईने तिला दंडाला धरून दारापासून दूर नेलं. जाता जाता ठकीने त्याला एकदा हाक मारली, रोज ओढ्यापाशी मारायची तशी.

आणि माझ्या आत हौश्याची शेपटी हलली. ती माझ्या कामट्यांवर हळूच आपटली. हे फक्त मला माहीत आहे. आजपर्यंत मी कुणाला सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा तो मेला. शेवटी त्याला पायांवर उभं राहता येत नव्हतं. मीरासाहेबाने ओढ्याच्या पलीकडे खोल खड्डा खणून त्याला पुरलं आणि वर चुना टाकला. करडालाही त्याच रोगाने धरलं. काही आठवड्यांनी तेही गेलं आणि त्यालाही तिथेच पुरलं.

पुण्याच्या दवाखान्यात दोघींना पोटात इंजेक्शनं दिली. रोज एक, पंधरवडाभर. पोटावर गाठी आल्या. दोघी वाचल्या. त्या गाडीतून उतरल्या तेव्हा अंबूबाईने त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, खैरुन्निसाने शिरा करून आणला. ठकीने शिरा खाल्ला. शालनबाईनेही खाल्ला. तो गोड झालाय का, असं खैरुन्निसाने विचारलं, तेव्हा तिने वाटीत पाहिलं आणि ती म्हणाली, असेल.

तेव्हापासून ती तशीच राहिली. कामं सगळी करायची. भाकऱ्या थापायची, अंगण सारवायची, नवऱ्याचा डबा भरायची. रडली नाही, चिडली नाही, आजारीही पडली नाही. पण जिवंत जनावराला तिने पुन्हा हात लावला नाही. कोंबड्या खैरुन्निसाला देऊन टाकल्या. चांदीची धार अंबूबाईने बाज अंगणात घेऊन काढायला सुरुवात केली. भुरी बऱ्याच दिवसांनी परत आली आणि शालनबाईच्या पायाला अंग घासू लागली, तर शालनबाई उभी होती तिथे तशीच उभी राहिली, ती मांजर निघून जाईपर्यंत.

मला जाळायचं ठरलं होतं. ज्योतीरामने मला अंगणात काढलं होतं, काडीही हातात घेतली होती. शालनबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." कारण तिने सांगितलं नाही. तिने माझ्यावर उकळतं पाणी ओतलं, फिनेल ओतलं, मला कित्येक दिवस उन्हात ठेवलं आणि मग या खिळ्याला अडकवलं. माझं काम संपलं. चिमण्यांनी माझ्यात काड्या आणून भरल्या. माझ्याकडे बघून कुणी कौतुक करेनासं झालं. मला त्याचं सुख नाही की दुःख नाही. शालनबाईसारखंच माझंही झालं होतं.

ठकी मात्र आईशी बोलत नव्हती. विचारलं तेवढ्याला मान हलवायची. पुण्याहून आल्यावर ती एकदाच म्हणाली होती, "तू त्याला कोंडलंस. पाणीबी न्हाई दिलंस." शालनबाई भाकरी थापत राहिली. तिला समजावून सांग, तुझ्यासाठीच केलंस ते सांग, असं खैरुन्निसा पुष्कळदा म्हणाली. शालनबाई नुसती ऐकून घ्यायची.

असं वर्ष गेलं. पुढच्या थंडीत जवळच्या निघोजे गावाकडे एक पिसाळलेलं कुत्रं फिरल्याची बातमी आली आणि तालुक्याहून गुरांचे डॉक्टर मोशीला आले. कुत्र्यांना आधीच टोचून घेतलं तर हा रोग होत नाही, अशी दवंडी गावात दिली. मीरासाहेबाच्या दुकानासमोर स्टोव्ह पेटवून डॉक्टरांनी सुया उकळायला ठेवल्या. माझ्या खिळ्यावरून मला सगळं दिसत होतं. माणसं आली, कुत्रीही आली. पण कुत्र्याला धरायला कुणी पुढे होईना. जो तो आपल्या कुत्र्याची दोरी लांबूनच धरून उभा. दत्तोबाचा कुत्रा तर दांडगा, गुरगुरणारा. गेल्या वर्षीची आठवण सगळ्यांच्या मनात होती. डॉक्टर सुई भरून वाट बघत राहिले.

शालनबाई अंगण झाडत होती. तिने खराटा भिंतीला उभा केला, हात पदराला पुसले आणि ती सडक ओलांडून गेली. दत्तोबाच्या कुत्र्यापाशी गुडघ्यांवर बसली. त्याचं डोकं तिने आपल्या काखेत घेतलं आणि दुसरा हात त्याच्या छातीखालून घातला. कुत्रा गुरगुरला. तिने हात सोडला नाही.

"टोचा," ती डॉक्टरांना म्हणाली.

मग दुसरा कुत्रा, मग तिसरा. ती उठलीच नाही, माणसं कुत्री तिच्यापाशी आणू लागली. ठकी आमच्या दारात उभी राहून बघत होती. पुष्कळ वेळ ती तिथे उभी होती. मग तीही सडक ओलांडून गेली. एक तांबडी कुत्री फार झटापट करत होती, ठकीने जाऊन तिची शेपटी धरली.

"शेपटीला नगं धरू," शालनबाई म्हणाली. "कंबरंला धर. दोन्ही हातांनी."

ठकीने तसं धरलं. सुई झाली. दोघी मायलेकी त्या कुत्रीच्या दोन टोकांना बसून राहिल्या.

"हौश्याला टोचलं असतं तर?" ठकीने विचारलं.

"तर आज हितं बसला असता."

"मग का न्हाई टोचलं?"

"म्हाईत नव्हतं गं," शालनबाई म्हणाली. "कुणालाच म्हाईत नव्हतं."

ठकीने तांबड्या कुत्रीला सोडलं नाही. तिने आपलं कपाळ तिच्या पाठीवर टेकवलं. तिचे खांदे हलायला लागले. सडकेवरची माणसं आपापल्या कुत्र्यांकडे बघू लागली. मीरासाहेब उगाच एका चाकाच्या आऱ्या तपासत बसला. शालनबाईने कुत्रीच्या मानेभोवतीचा एक हात काढला आणि ठकीच्या डोक्यावर ठेवला.

मित्रांनो, मला काय सांगायचं ते तुम्हाला कळलंच असेल. जनावर मुकं असतं. त्याला कुठे चावलं, काय होतंय, हे ते सांगत नाही. घरात जीव आणलात तर त्याच्या बारीकशा जखमेकडेही बघा. वरून बरी दिसली म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर डॉक्टरांकडे न्या, वेळेवर टोचून घ्या. आणि तुमच्या घरात कुणी शालनबाईसारखं गप्प झालं असेल, तर त्याला काही लागलंय का, हेही एकदा विचारा.

त्या संध्याकाळी शालनबाईने चूल पेटवली. पीठ मळायला परात पुढे घेतली आणि तिचे हात तसेच थांबले. त्यांना कुत्र्यांच्या अंगाचा वास येत होता. तिने ते नाकाशी नेले. मग परात बाजूला ठेवून ती खूप वेळ रडली, आणि ठकी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली.